स्वयंपाकघरातली खिडकी तेवढी राहू द्या

अहो,

खिडकीवाले आले की बाकी सगळ्या खिडक्या बदलू द्या. ही चिठ्ठी जिला चिकटवली आहे, तिला हात लावू देऊ नका. खराडीहून रोहनचा फोन आला, तर आईनेच सांगितलं म्हणा. दुहेरी काचेने पाऊस आत येणार नाही, एसीचं बिल कमी येईल, आळंदी रोडचा आवाज बंद होईल. त्याचं सगळं मला पटलंय.

पण आवाज बंद होईल ना.

आपली अक्षता बेल कधी वाजवते का? खालूनच ओरडते, "आई, किल्ली टाक!" तुमच्याशी भांडून गेली, तेव्हा जिन्याच्या दाराची स्वतःची किल्लीही टेबलावर ठेवून गेली. उद्या आली आणि तिची हाक वर पोचलीच नाही, तर ती दुसऱ्यांदा हाक मारणार नाही. तुमचीच मुलगी आहे.

मी ताईकडे जातेय, संध्याकाळी येईन. फटीतून पाणी आलं तर फडकं लावा, नेहमीसारखं.

तिची किल्ली रुमालात बांधून खिडकीच्या कडीला अडकवली आहे. हाक आली तर आधी किल्ली टाका. रागवायचं ते ती वर आल्यावर.

ललिता