पाळीचा दोर

वरसे, रोहा
१० ऑगस्ट २०२६

चि. हरेशभावोजींना रंभावहिनीचा आशीर्वाद.

इकडे सगळं बरं आहे म्हणायचं. माझे गुडघे रोज नवी तक्रार करतात, पण ऐकणारं कोणी नाही म्हणून चालतात बिचारे. तुमची लावणी आटोपली असेल. आदेशबरोबर पोह्याचे पापड पाठवते आहे. पेणच्या माणसाला पापड पाठवणारी खुळी मीच असेन, पण तुम्हाला माझ्या हातचे आवडायचे.

होय, आदेशच येतो आहे. बुधवारी अमावस्येचं उधाण, आणि खाडीच्या बांधावर राखणीची पाळी आपल्या घराची. इतकी वर्षं तुम्ही एकटेच राखता. या वेळी तो कंपनीत सुट्टी टाकून निघाला आहे.

मी रविवारी शांतीताईकडे प्रार्थनेला जाते, हे तुमच्या कानावर आलंच असेल. गावात काय बोलतात तेही माझ्या कानावर येतं. मला कोणी ओढून नेलं नाही. हे गेल्यावर मी भिंतीशी बोलायला लागले होते, तेव्हा शेजारची शांतीताई येऊन नुसती जवळ बसायची. तिने सांगितलं, येशूने मारणाऱ्यांसाठीसुद्धा माफी मागितली. मी म्हटलं, त्याला जमलं असेल, मला नाय जमायचं. प्रार्थनेत 'जसं आम्ही दुसऱ्यांना माफ करतो' ही क्षमेची ओळ आली की मी ओठ मिटायचे. तुमच्यामुळे.

भावोजी, बांध फुटला त्या दिवशी हे मातीच्या गोणी लावायला पाण्यात उतरले. कमरेला दोर, दुसरं टोक तुमच्या हातात. पाळीची रीतच ती, एकाने उतरायचं आणि घरच्याच माणसाने धरायचं. तुम्ही गावाला सांगितलंत, दोर तुटला. पण हे खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत सापडले तेव्हा त्यांच्या कमरेचा दोर मीच सोडला. तो अख्खा होता, टोकाच्या गाठीसकट. तुम्ही घाबरलात आणि सोडलात. मी कुणाला बोलले नाही. दोर माळ्यावर टाकला आणि मनातल्या मनात तुमचं वाटोळं चिंतत राहिले.

यंदा गुड फ्रायडेला ती ओळ माझ्या तोंडून निघाली. कशी, ते माझं मलाच कळलं नाही. घरी येऊन खूप रडले. पहिल्यांदाच मनात आलं, हा माणूस एवढी वर्षं झोपत कसा असेल? भावोजी, मी तुम्हाला क्षमा केली आहे. रोज तुमचं नाव घेऊन प्रार्थना करते, आणि मला हलकं वाटतं.

पण गेल्या आठवड्यात माळा झाडताना तो दोर आदेशला सापडला. त्याने विचारलं, मी खोटं बोलले नाही. तेव्हापासून तो जेवतो, कामाला जातो, हसतोसुद्धा. फक्त संध्याकाळी दोर खांबाला बांधून ओढून बघतो. काल म्हणाला, "या येळेला काका उतरंल. दोर मी धरीन." मी क्षमेचं काढलं की तो उठून बाहेर जातो. त्याच्या पिशवीत पापडांच्या डब्याखाली तोच दोर आहे.

तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र त्याच्याच हाती देते आहे. पाकीट मुद्दामच चिकटवलेलं नाही. तो गाडीत उघडणार, पेणच्या अलीकडे कासू स्टेशन येईपर्यंत वाचून होईल. तरीही ते तुमच्या हातात पडलं, तर पोराला समोर बसवा आणि काय झालं ते तुमच्या तोंडाने सांगा. त्याआधी पाण्यात उतरू नका.

आदेश, इथवर वाचलंस ना? मी माफ केलं ते माझ्यापुरतं. तुझं तुलाच करावं लागेल, आणि ते किती जड असतं हे मला माहीत आहे. मला भीती वाटते रे. तू परत येईपर्यंत मी या दुखऱ्या गुडघ्यांवर प्रार्थनेतच आहे. पत्र काकाला दे. आणि दोर हातात घेतलासच, तर बाळा, सोडू नकोस.

तुझी आई, तुमची वहिनी,
रंभा