तपासणीचा पाळणा

सेलू, फेब्रुवारी १९७४, मंगळवार

आज आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये सरकारी तपासणी होती. कामाला बाया असल्या की त्यांच्या लेकरांसाठी पाळणा लागतो, असा कायदा. म्हणून आमच्या मॅनेजरला सकाळीच मायेचा उमाळा आला. पाळणा मीच बांधला. पण त्यात निजवायला लेकरू कुठलं? पोट दिसायला लागलं की हा माणूस बाईला घरी पाठवतो. दिवाळीत गयाबाईला असंच काढलं होतं. आज तिलाच बोलावणं धाडलं. काम मिळंल या आशेनं बिचारी लेकरू घेऊन पळत आली.

इन्स्पेक्टरनं कौतुकानं विचारलं, "बाळ कुणाचं?"

"माजं हाय, साहेब," गयाबाई म्हणाली. "हेच पोटात होतं म्हणून मला कामावरून काढलं."

इन्स्पेक्टरनं माझ्याकडं पाहिलं. हजेरीपटावरून तिचं नाव मीच खोडलेलं. मी पाळण्याची गाठ चाचपत उभा राहिलो. त्यानं वहीत 'पाळणा आहे' एवढंच लिहिलं आणि मॅनेजरबरोबर चहाला गेला. लाज विकून खाल्लेली माणसं!

संध्याकाळी मॅनेजर म्हणाला, "पाळणा सोडा. दोर जपून ठेवा, पुढच्या साली लागंल."

गाठ सुटता सुटेना. काम मात्र मी चोख करतो.