पेंढ्यात शोधलेला अंगठा

धसई, ता. मुरबाड
१८ फेब्रुवारी २०२५

चि. कुणालीस,

बाबाचे आशीर्वाद. इकडे आम्ही मजेत. आम्ही म्हणजे मी आणि म्हैस. ती परवा व्याली, पारडी झाली. वाल यंदा चांगले आलेत, शेंगा कुणाच्या तरी हाती शहापूरला आत्याच्या घरी तुला पाठवतो.

पत्र बघून हसशील. हातात फोन असताना म्हाताऱ्याला काय सुचलं म्हणशील. तीस वर्षं पोस्टमन म्हणून गावाची पत्रं वाटली, स्वतः कुणाला चार ओळी लिहिल्या नाहीत. पण फोनवर तुझा आवाज आला की मी म्हशीचं बोलतो आणि ठेवून देतो.

तुझी खबर रंभाआत्याकडून कळते. काल ती म्हणाली, "दादा, आज पोरीनं नव्या बोटानं वीस वाल उचलले रे, एक नाय पाडला." मी गोठ्यात जाऊन रडलो. पायाचं बोट काढून हाताला अंगठ्याच्या जागी लावतात हे मला आधी खरंच वाटलं नव्हतं. ऑपरेशनचे ते दहा तास मी बाकावर नुसता बसून होतो. मग दर तासाला सिस्टर यायची, बोट गुलाबी आहे ना, गरम आहे ना बघायची. निळं पडलं तर हाक मारा म्हणाली, तेव्हापासून मी पापणी मिटली नाही. माझ्या अंगाला बिडीचा वास आला तशी तिनं मला बाहेर काढलं. धुरानं नसा आकसतात म्हणे. तुला चहा बंद, मला बिडी बंद. तुझी चिडचिड जास्त होती.

चालताना पाय अजून दुखतो का? कात्री एवढ्यात धरू नकोस. ब्लाऊज शिवून घेणाऱ्या बायका थांबतील.

आत्यानं आणखी एक सांगितलं. येत्या सोमवारी तू कल्याणला वकिलाकडे जाणार आहेस. दिपेशबरोबर राहायचं नाही म्हणतेस. तू त्याला वॉर्डातच बोलली होतीस, "मन लावून शोधला असतास तर अंगठा मिळाला असता. तुझा स्वतःचा असता तर मिळालाच असता." तो मान खाली घालून उभा राहिला. मी पलीकडेच होतो.

कुणाली, अंगठा पेंढ्यात नव्हता.

त्या सकाळी मळणी मशीननं तुझा हात ओढला, दिपेशनं सदरा काढून बांधला, शेजारच्या जगदीशच्या जीपमधून तुला मुरबाडला नेलं. खळ्यावर मी एकटा राहिलो. अंगठा मशीनच्या चाकाशी पडला होता, माझ्या पायापासून हातभर. कुत्रं जवळ येत होतं. आपल्यात तुटलेला अवयव उघड्यावर ठेवत नाहीत. माझ्या चुलत्याचं बोट विळ्यानं गेलं तेव्हा माझ्या आईनं हळद लावून पुरलं होतं, ते मी पाहिलं होतं. मीही तसंच केलं. हळद लावली, माझ्या उपरण्यात गुंडाळला, घरामागे बांबूच्या बेटाशी पुरला. तुझ्यासाठी काहीतरी केलं असं मला तेव्हा वाटलं गो.

दोनेक तासांत दिपेश कुणाची तरी मोटरसायकल मागून घेऊन परत आला. डब्यात बर्फ. "मामा, अंगठा शोधा. पिशवीत घालून बर्फावर ठेवा म्हणतात डॉक्टर. लवकर नेला तर जोडतील."

पुरलेला अवयव उकरून काढला तर ज्याचा तो असतो ते माणूस मरतं, असं लहानपणापासून ऐकत आलो. तुझी आई गेल्यावर माझ्याजवळ तू तेवढी. मी भ्यालो. म्हणालो, "मशीननं पेंढ्यात उडवला असंल."

सगळा पेंढा त्यानं मूठमूठ करून झाडला. बर्फाचं पाणी झालं की धसईच्या बाजारातून नवा बर्फ आणायचा. दोनदा आणला. आणि मी काय केलं माहीत आहे? मी सूप घेऊन त्याच्या शेजारी बसलो. जिथे नाही हे मला माहीत होतं, तिथे मीही शोधत राहिलो. दिवस मावळला तसा तो पेंढ्यात तोंड खुपसून हुंदके देऊ लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला आजही नकोसा वाटतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, दुपारपर्यंत आणला असता तर जोडून बघता आला असता. तेव्हा मला कळलं मी काय केलं. तुझा अंगठा मी घालवला, आणि तुझ्या पायाचं बोटही माझ्यामुळेच गेलं. तरी अडीच महिने दिपेशला बोलणी खाऊ दिली.

काल सापगावला तुमच्या घरी गेलो आणि दिपेशला सगळं सांगितलं. वाटलं होतं, अंगावर धावून येईल. आला असता तर बरं झालं असतं. त्यानं मला ओटीवर बसवलं. मग म्हणाला, "मामा, तिला नका सांगू. तिला आई नाय. नवरा दुसरा भेटंल, बाप कुठून आणंल ती? मी ऐकून घेतलंय, आनखी ऐकीन." आणि वर मला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. मी जेवलो, कुणाली. त्याच्या हातचं जेवलो.

त्यानं मला गप्प राहायला सांगितलं, म्हणून आज हे लिहिलं. नाहीतर कदाचित तुला सोमवारी जाऊ दिलं असतं, इतका मी भित्रा आहे.

माफी मागत नाही. कुठल्या तोंडानं मागू? फक्त सोमवारी कल्याणला जाऊ नकोस. सापगावला जा. कुणाला तरी सोडायचंच असेल तर मला सोड. हे मी रागानं किंवा तुला हळवं करायला लिहीत नाही, नीट विचार करून लिहितोय.

खाली 'तुझा बाबा' लिहायला पेन टेकवला होता, पण लिहवत नाही. ते तू म्हणशील तेव्हा.

भगीरथ