सेफ्टी इनचार्जचे हातमोजे

३ तारीख, दुपार
अँब्युलन्स स्टेशनचा सेफ्टी इनचार्ज झालो. उशिरा का होईना, गुणांची कदर झाली. ड्रायव्हरबाई म्हणतात, बाकीचे रजेवर होते. जळतात.

काम असं: नशेची पावडर घेऊन बेशुद्ध पडलेल्यांना उचलताना ती आपल्या माणसांना बाधू नये. ट्रेनर मॅडम दोन तास बोलल्या. मला दहाव्या मिनिटालाच कळलं, म्हणून पुढे ऐकलं नाही. सार एकच: हातमोजे.

३ तारीख, संध्याकाळ
लेक नऊ महिन्यांच्या नातीला घेऊन राहायला आलीय. बायकोचा फतवा: गणवेश स्टेशनवरच बदला, साबणाने हात धुवा, मगच बाळाला घ्या. आता ही इनचार्जला शिकवणार.

५ तारीख
कॉल. भाड्याची खोली, बेशुद्ध पोरगा, टेबलावर पांढरी पावडर. नाकात औषधाचा फवारा मारला. पोरगा उठला आणि मला शिव्या घातल्या. काम फत्ते.

ड्रायव्हरबाई म्हणाल्या, गाडीत चढायच्या आधी मोजे काढून टाका. काढले तर संरक्षण कसं होणार? बाईंना लॉजिक कमी. मी दिवसभर काढले नाहीत. मोज्यांतच फोन घेतला, मोज्यांतच बिस्किटं खाल्ली.

घरी तसाच गेलो, नवा बिल्ला दाखवायचा होता. नातीने झेप घेतली आणि शर्टाचा खिसा चोखत बसली. बायको ओरडली. तिचा स्वभावच तसा.

८ तारीख
उद्या मॅडम परीक्षा घेणार. खऱ्यासारखा बाहुला, खोटी पावडर. सत्काराला उत्तर म्हणून चार ओळी लिहून ठेवल्या.

९ तारीख, दुपारी १
परीक्षा झकास. बाहुल्याला असा उचलला की बाहुल्यालाही बरं वाटलं असेल. निकाल चारला. जेवायला घरी जाऊन आलो. नातीने मांडीवरून उतरायचं नाव घेतलं नाही.

९ तारीख, ४.३०
फसवणूक. ती पावडर जांभळ्या दिव्याखाली चमकते, हे आधी सांगायला नको? मॅडमनी खिडक्या लावून घेतल्या आणि दिवा फिरवला. गाडीचं दार, माझा फोन, ड्रायव्हरबाईंची पाण्याची बाटली, माझ्या मिशा. सगळं स्टेशन हसलं. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. घरी असेच गेला होतात का, विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी दिवा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, बघून या.

९ तारीख, ६
पडदे ओढले. सोफा चमकला. फ्रिजचा दांडा चमकला. लेकीची वेणीसुद्धा. बायको मागून डाग मोजत होती, मी चिडलो.

मग नात. दोन्ही गाल. हनुवटी. मूठ, आणि ती मूठ तोंडात.

बायकोने मोजणं थांबवलं. मग हळूच म्हणाली, "ही खोटी आहे ना? मग पाच तारखेची कोणती होती?"

मी दिवा बंद केला. भीती वाटली. नातीला काही झालं नव्हतं, ती हसत होती. त्याचीच जास्त भीती वाटली.

१० तारीख
इनचार्जपद ड्रायव्हरबाईंकडे गेलं. मीच दिलं, असं सांगायचं ठरवलंय.

गणवेश स्टेशनवर बदलला. साबणाने हात धुतले, परत धुतले. घरी आलो. नात रांगत आली. मी हात पाठीमागे धरून उभा राहिलो. लेक म्हणाली, "घ्या ना बाबा, आता चालेल."

घेता आलं नाही.