कपाळावरचं मलम

२ मार्च १९८३
कपाळावर तेरा पुटकुळ्या, गालांवर आठ. वीस तारखेला निलंग्याचे पाहुणे मला बघायला येणार. मुलगा नव्या जिल्ह्याच्या कचेरीत कारकून. असा मुलगा काय माझं तोंड नीट होईपर्यंत थांबणार आहे?

दादानं आज कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. जिल्हा झाला आणि हे डॉक्टर लातुरात येऊन बसले. कंपाउंडरनं डबीत पिवळं मलम काढून दिलं – गंधकाचा वास! पुटकुळ्या फोडायच्या नाहीत, दोनदा साबणानं तोंड धुवायचं, कपाळावर मलमाशिवाय काही लावायचं नाही. विभूतीसुद्धा नाही. ते ऐकून अव्वा जेवलीच नाही. आईचंच मन ते. लिंगायताच्या पोरीचं कपाळ रिकामं, एवढंच म्हणाली.

५ मार्च
टँकर आलाच नाही. तोंड धुवायला तांब्याभर पाणी घेतलं तर महानंदावैनी हंड्यात डोकावून बघत होत्या. बोलल्या काही नाहीत. दादाची बायको कधी तोंडानं काही बोलेल तर शपथ!

८ मार्च
चार पुटकुळ्या बसल्या!

९ मार्च
वैनींची धाकटी बहीण सिद्धम्मा, चाकूरला असते. तीही लग्नाची. चेहरा लोण्यासारखा. आज वैनींनी सहज विचारलं – मुलगा नोकरीत कायम झालाय का? यांना कशाला ही चौकशी?

१२ मार्च
मलम बदललंय. राखाडी दिसतं, बोटाला कचकच लागते. कपाळ लालभडक, नुसती आग. माझ्या खोलीत झाडायला कोण येतं? वैनी. डबी कुठे असते हे कुणाला माहीत? वैनींना. मी काय दूधखुळी आहे?

१३ मार्च
डॉक्टरांनी मलम बोटावर चोळून पाहिलं. यात कुणी काय कालवलं, म्हणाले. दादानं डबी हातात घेऊन बघितली. मला वाटलं, याच्याही मनात तेच आलं. नवी डबी पेटीत कुलपात ठेवली.

१४ मार्च
बोलून टाकलं. सगळ्यांसमोर. बहिणीसाठी तुम्ही माझं तोंड बिघडवलंत, मी वैनींना म्हणाले. अव्वा चुलीपाशी खाली मान घालून भाकरी थापत राहिली. वैनींनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला.

"म्या न्हाई केलं, ताई. कुणी केलं ते म्या बोलणार न्हाई."

म्हणजे पुन्हा दुसऱ्यावर ढकलायचं! दादाचं डोकं फिरलं. दुपारच्या गाडीनं त्यांना चाकूरला सोडून आला. पाहुणे येऊन जाईपर्यंत तिथंच राहू दे, म्हणाला.

१७ मार्च
घर मोकळं मोकळं वाटतंय. कपाळ निवलं. आता कुलूप कशाला? डबी काल फळीवर ठेवली.

१८ मार्च
पाणी थोडं होतं म्हणून आंघोळ लवकर उरकली. येऊन बघते तर अव्वा देवाच्या खोलीत पाटावर बसलेली. मांडीवर माझी डबी. चिमटीनं विभूती टाकून काडीनं कालवत होती.

मला बघून तिनं डबी लपवलीसुद्धा नाही. डॉक्टरला काय कळतंय, म्हणाली. औषधाचं औषध, आणि कपाळही रिकामं राहत नाही. मग आवाज खाली आला.

"महानंदानं मला बघितलं होतं. कुणाला सांगू नगं म्हणले म्या तिला."

मी तिथंच खाली बसले. अव्वाचा राग आला आणि स्वतःची किळस वाटली. चार दिवस ही तोंड शिवून बसली! आणि वैनींनी सासूचं नाव घेतलं नाही. मलम उकिरड्यावर टाकलं. दादाला सांगायला दोनदा दारापर्यंत गेले. त्याला कळलं तर घरात महाभारत होईल – ऐन पाहुण्यांच्या तोंडावर. परवा सांगेन. पाहुणे गेले की लगेच.

२० मार्च
मी पसंत पडले. लग्न वैशाखात.

पाहुणे गेल्यावर दादानं मलाच विचारलं, महानंदाला आणू का? अव्वानं मान वर केली नाही.

मी म्हणाले, "लग्न होऊ दे. मग बघू."