टीप क्रमांक चार

तीर्थरूप मामा,

तुमच्या थोरल्या भाचीचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मामींच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, की पहिल्याच्या भरवशावर दुसरा अजून पुढे ढकलणं चालू आहे? इकडे सगळे ठीक, म्हणजे मी सोडून सगळे. माझी भूक, झोप आणि डाव्या खांद्याची हालचाल तीन आठवड्यांपासून बेपत्ता आहे. डॉक्टर म्हणाले, काळजी करणं सोडा. (मी विचारलं, कोणावर सोडू? त्यावर त्यांनी गोळ्या बदलून दिल्या.)

झालं ते सविस्तर सांगते. तुम्हाला सरकारी छापखाना सोडून एकोणीस वर्षं झाली, पण अर्थसंकल्पाच्या छपाईचे दिवस तुम्ही विसरला नसाल. अजून तसंच आहे. सहा दिवस आम्हाला आत कोंडतात, फोन पाकिटात घालून वर सही-शिक्का मारतात आणि खिडक्यांना आतून कागद चिकटवतात, म्हणजे बाहेरच्याला काही दिसू नये. (एका वर्षी त्याच अर्थसंकल्पाचे रद्द झालेले कागद चिकटवले होते, अक्षरं बाहेरच्या बाजूला. दोन दिवस लोक रस्त्यावरून गेले-आले, एकानंही मान वर करून वाचलं नाही.) यंदा मुद्रितं तपासायला मी एकटीच. माझ्या जोडीची जागा पाच वर्षं रिकामी आहे, काटकसर म्हणून.

तर चौथ्या दिवशी दुपारी माझ्या हातात तक्ता एकोणीस आला. नवी कर्जं. मामा, तुम्हीच शिकवलंत की आपण अक्षरं तपासायची, अर्थ तपासायला दुसरे लोक पगार घेतात. तीस वर्षं मी ते पाळलं. पण त्या दिवशी नजर अक्षरावरून घसरली आणि अर्थावर पडली. तळ्याच्या काठी गाण्याच्या तालावर उडणारं रंगीत कारंजं व्हायचंय, त्यासाठी चाळीस वर्षांचं कर्ज. पहिली सात वर्षं नुसतं व्याज, आणि तेही भरायला निराळं छोटं कर्ज. तक्त्याखाली टीप तीनमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं, कारंज्याचं अपेक्षित आयुष्य बारा वर्षं. म्हणजे पुढची अठ्ठावीस वर्षं कोरड्या हौदाचे हप्ते! समोरच्याच पानावर प्राथमिक शाळांच्या छतांची दुरुस्ती: ‘निधीअभावी पुढील वर्षी’. ही ओळ मी सलग सहा वर्षं तपासतेय. ती आता कोणी नव्यानं टाइपसुद्धा करत नाही, मागच्या वर्षीची उचलून ठेवतात.

माझ्या लेकीची मुलगी, आपली ठकी, आता आठ महिन्यांची आहे. पेन्सिल हातात होतीच. समासात हिशेब मांडला. शेवटचा हप्ता फिटेल तेव्हा ती चाळीस वर्षं आठ महिन्यांची असेल. ज्या पोरीला अजून स्वतःच्या पायावर उभं राहता येत नाही, तिच्या डोक्यावर हे कारंजं? मी हिशेब खोडला आणि त्याखाली लिहिलं, हे ठकीला विचारलं का? ती अजून रांगतही नाही. एवढं लिहून जरा बरं वाटलं. आणि मग, मामा, हाताला तीस वर्षांची सवय. त्या वाक्याच्या डोक्यावर मी ‘हा मजकूर घाला’ची खूण केली, कोपऱ्यात सही ठोकली आणि कागद पुढे सरकवला.

पुढे बसतात आमचे बरहुकूम. (खरं नाव ते स्वतःही विसरलेत.) त्यांचा नेम असा की सहीच्या कागदावर जे असेल ते जसंच्या तसं लावायचं, डोकं मध्ये आणायचं नाही. पण इथे त्यांनी माझ्या दुर्दैवानं डोकं थोडंसं आणलं. वाक्य तक्त्याखाली येतंय, वर टिपा तीन आहेत, तेव्हा याला क्रमांक हवा, असा विचार करून त्यांनी ते छापलं: ‘टीप ४ : हे ठकीला विचारलं का? ती अजून रांगतही नाही.’ चार हजार प्रती. उत्तम कागद. निर्दोष छपाई.

मला हे कळलं ते अर्थसंकल्प सभागृहात मांडला गेला त्या दिवशी. पुढचे अकरा दिवस कसे काढले माझं मला माहीत. फोन वाजला की मी भिंत धरायची. शिपाई हाक मारायला आला की आधी त्याचा चेहरा वाचायची. माझ्या निवृत्तीला पाच महिने राहिलेत, मामा! आणि काहीच होईना. कर्ज नऊ मिनिटांत आवाजी मतानं मंजूर झालं, कोणी म्हणून तक्ता एकोणीस उघडला नाही. मग मला निराळंच भय वाटायला लागलं. आधी भीती होती की कोणीतरी वाचेल. आता वाटायला लागलं, कोणीच वाचणार नाही, आणि ठकीच्या गळ्यात ते तसंच पडेल.

बाराव्या दिवशी एका मुख्याध्यापिका बाईंचं पत्र आलं. त्यांच्या शाळेचं छत गळतं, दोन वर्ग व्हरांड्यात भरतात. आपली ओळ शोधायला त्यांनी वाचनालयातलं अर्थसंकल्पाचं पुस्तक उघडलं आणि शेजारच्या पानावर ठकी दिसली. त्यांनी वित्त खात्याला अत्यंत सभ्यपणे विचारलं होतं की ही ठकी कोण, तिला विचारलं का, आणि तिचं उत्तर काय आलं. खात्यात आधी सगळ्यांना वाटलं ठकी ही एखादी योजना असेल. दोन कारकून दोन दिवस तिची फाइल शोधत होते. (एकाला सापडलीही म्हणे, पण ती ठिबक सिंचनाची निघाली.) शेवटी माझी सही सापडली आणि उपसचिवांनी बोलावलं.

“ही ठकी कोण?” त्यांनी विचारलं.

“माझी नात, साहेब.”

“तिचा या कर्जाशी काय संबंध?”

“फेडणार ती आहे, साहेब.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “आणि हे बारा वर्षांचं आयुष्य, हे पण तुम्हीच घुसडलंत?”

“नाही साहेब, ती टीप तीन. ती तुमच्या सहीनं आली होती.”

त्यांनी टीप तीनवर बोट ठेवून ती पुन्हा वाचली. मग हळूच म्हणाले, “माझ्याकडे जुळे आहेत. तीन वर्षांचे.” त्यांनी कागदावर काहीतरी आकडेमोड केली, कागद चुरगाळून खिशात घातला, आणि पुन्हा साहेबी आवाजात सांगितलं की सात दिवसांत लेखी खुलासा द्या.

मग निघालं शुद्धिपत्र: ‘तक्ता १९ मधील टीप ४ वगळून वाचावी.’ तेही मीच तपासलं. झालं, नेमकं काय वगळायचं ते बघायला चार हजार लोकांनी तक्ता एकोणीस उघडला! वगळून वाचता वाचता टीप तीनही वाचली. मुख्याध्यापिका बाई पालकांना घेऊन खात्याच्या दारात पुस्तक उघडून बसल्या. कारंजं काही रद्द झालेलं नाही, तेवढी भाबडी मी नाही. त्याच्या निविदा ‘फेरविचारार्थ’ थांबल्यात, आणि फेरविचाराला सल्लागार नेमलाय. (त्याची फी कर्जातूनच.) पण काल छतांच्या ओळीचं सुधारित मुद्रित आलं. तिथे आता लिहिलंय, ‘यंदा तीनशे शाळा’. सहा वर्षांत पहिल्यांदा मला ती ओळ खरोखर वाचावी लागली. दोनदा वाचली. ‘शाळा’ शब्दातला एक काना राहिला होता, तो घातला, आणि मग पदर डोळ्यांना लावला.

मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमची भाची

ता. क. सोबत माझा खुलासा आणि त्याला जोडायचं तुमचं निवेदन पाठवतेय. त्यात एवढंच आहे की समासात मनातलं लिहायची सवय मला तुम्ही लावलीत. (लावली नव्हतीत, मला माहीत आहे.) मला पाच महिने काढायचेत. तुम्हाला निवृत्त होऊन एकोणीस वर्षं झाली, तुमचं कोण काय वाकडं करणार? निवृत्तिवेतनाच्या कारकुनाला मी दोनदा विचारलं. तो म्हणाला, सहसा नाही.

ता. क. २. एरवी बोजा पुढच्या पिढीवर टाकायची रीत आहे. मी मागच्या पिढीवर टाकतेय, तेवढं समजून घ्या.

ता. क. ३. निवेदन कृपया वाचू नका. वाचलंत तर तुम्ही दुरुस्त कराल. सभागृहानं केलं तसं करा, नुसती सही करा.