लांडग्यांनी न खाल्लेली घोडी

मी, बुरूलकान, असनकुलची लेक, तोकोनची विधवा, वय एकाहत्तर, राहणार ताश-बुलाक, नारीन प्रांत, हे माझ्या हाताने लिहिते. गुडघे गेलेत, डोकं जागेवर आहे. कुणी धाक घातला नाही, कुणी गोड बोलून लिहवून घेतलं नाही.

१. घर. आपल्या रीतीने घर धाकट्या मुलाचं, म्हणजे एमिलचं. तरीही घर, आवार आणि गवताची कोठी मी थोरल्या मुलीला, जिपारला देते. लोक म्हणतील, म्हातारीला चळ लागला. म्हणू देत. कारण कलम चारमध्ये आहे, तिथवर धीर धरा.

२. वन्सं सायराकान यांची मोठी कढई त्यांना परत द्यावी. तळाचं भोक त्यांनीच पाडलंय, माझ्यावर ढकलू नये. अकरा वर्षांपूर्वी ह्याच कढईशी बसून त्या म्हणाल्या होत्या, "माझा पोरगा बिश्केकला शिकतोय. तुझा काय, मेंढ्यांची शेपटं मोजणार?" माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दोष त्यांचा नाही, नाक माझं होतं.

३. एमिलला त्याच्या वडिलांची नाल ठोकायची हत्यारं द्यावीत. शाळा संपल्यावर त्याला तीच हवी होती. "आई, मला घोड्यांतलं कळतं. त्या काचेच्या इमारतीत मी काय करू?" मी म्हटलं, "गप बस, साहेब हो." सरकारी जागा मिळाली नाही म्हणून खासगी विद्यापीठात घातलं. तिथला गोडबोल्या म्हणाला होता, फी एवढीच, वर काही नाही. मग वसतिगृह आलं, पुस्तकं आली, नापास झालं की पुन्हा बसायचे वेगळे पैसे. पहिल्या वर्षी दोन गाई गेल्या, दुसऱ्या वर्षी मेंढ्या. चार वर्षांनी पदवी आली, ती मी भिंतीवर लावली. एमिल बिश्केकला टॅक्सी चालवतो. मला म्हणाला, "आमच्या वर्गातले तिघं ऑफिसात बसतात आई, आणि तिघांचेही मामा तिथेच साहेब आहेत." पदवी उतरवून त्याला द्यावी, फ्रेम चांगली आहे. बाळा, चूक तुझी नव्हती.

४. आता जिपार. ती बारा वर्षांची झाली तेव्हा वडिलांनी तिच्या वाट्याची म्हणून एक शिंगरी दिली, मागचा एक पाय पांढरा. वाट्याचं जनावर ज्याचं त्याचं, आईबापाचंसुद्धा नव्हे. तिची शिंगरं विकून जिपार नारीनला नर्सचं शिक्षण घेणार होती. एमिलच्या तिसऱ्या वर्षाच्या फीसाठी ती घोडी मी ह्यांच्या मित्राला, पलीकडच्या गावच्या मुकाशला विकली. जिपारला, सगळ्या गावाला सांगितलं, लांडग्यांनी खाल्ली. पोर तीन दिवस डोंगरात हाडं शोधत हिंडली.

अकराव्या दिवशी घोडी परत आली. गळ्यात तुटलेला दोर. फाटकाशी उभी राहून खिंकाळली. जिपार झऱ्यावर गेली होती. मी काठी घेतली आणि घोडीला हाकलत हाकलत मुकाशच्या दारात नेलं. घरी येऊन चहा टाकला आणि जिपारला म्हटलं, "रडू नको, नशीब एकेकाचं." ह्या तोंडाने म्हटलं मी ते.

जिपार शिकली नाही. नऊ वर्षं माझे गुडघे तीच चोळते, इंजेक्शनही तीच देते, शिकलेल्यांपेक्षा हलक्या हाताने. दर वेळी मी मेल्याहून मेल्यासारखी होते.

५. मयताला घोडा कापायची आपली रीत, माझ्या मयताला कापू नये. त्यासाठी साठवलेल्या पैशांतून मी मुकाशकडून त्याच घोडीची नात घेतली आहे. तीन वर्षांची, मागचा एक पाय पांढरा. ती जिपारची. नारीनच्या नर्सिंग शाळेत विचारून ठेवलंय, एकतीस वय आड येत नाही म्हणाले.

६. हा कागद मी गेल्यावर चाळिसाव्या दिवशी, जेवणाआधी, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावा. खोटं मी सगळ्यांसमोर बोलले होते. ऐकता ऐकता जिपार उठून गेली तर तिला कुणी अडवू नये. घोडी दारात बांधलेली असावी, खोगीर घालून.

सही: बुरूलकान
ताश-बुलाक, २३ ऑक्टोबर २०२३

साक्षीदार १: काल्बुबू, गावच्या दवाखान्यातली. माझ्यासमोर लिहिलं, मध्ये दोनदा थांबल्या.

साक्षीदार २: मुकाश. घोडी मीच घेतली होती. परत आणून सोडली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भावजी, दोर जाड लावा." मी लावला. हे खरं आहे.